हरभऱ्याची कोवळी भाजी

२ डिसेंबर १९७३, कुसगाव

आलो बाई एकदाचे! दोन खोल्या, पुढे अंगण, पलीकडे हरभऱ्याचं शेत. मुंबईला ह्यांच्या हृदयात नवी झडप बसवली त्याला दोन महिने झाले, आता हवापालट. झडप टिकटिक करते, स्टोव्हपाशीसुद्धा ऐकू येते. हे म्हणतात, मेहमुदा, घरातलं घड्याळ विकून टाक. मी म्हटलं, तुमच्या घड्याळाला किल्ली मीच देते ना! म्हणजे गोळी. रक्त पातळ राहावं म्हणून रोज संध्याकाळी एक, नाहीतर झडपेवर गाठ धरते. खाण्यात एकदम बदल नको, असंही तिथल्या डॉक्टरांनी बजावलंय. तेल-तिखट मी आधीच कमी केलंय.

८ डिसेंबर

शेजारच्या सरूबाई हरभऱ्याचा कोवळा पाला ओटीभर खुडून घेऊन आल्या. रज्जाकभाऊ लय पिवळं दिसत्यात, ही भाजी घाला, रगत भरंल, म्हणाल्या. लसूण घालून केली. ह्यांनी दोनदा मागून घेतली. किती महिन्यांनी! मला रडूच फुटलं.

१७ डिसेंबर

रोज दोन्ही वेळा तीच भाजी. ह्यांचा चेहरा भरलाय. टिकटिकही दबली. आतून मांस धरलं आसंल, असं सरूबाईंचं म्हणणं. बरंच झालं, दुपारी मला निवांत झोप लागली.

२१ डिसेंबर

आवाज फारच बारीक. छातीला कान लावला — गोधडीत गुंडाळलेल्या घड्याळासारखा. अंगण ओलांडतानाही धाप लागते. एकही गोळी चुकलेली नाही. उद्या डॉक्टरांना दाखवते.

२२ डिसेंबर

सकाळी हातातला कप पडला. तोंड वाकडं. उजवा हात, पाय — गेले. माझं नाव घ्यायला बघतात, नुसता घोगरा आवाज. लोणावळ्याचे डॉक्टर आले. छाती तपासली, मग काय खाता विचारलं. एवढा हिरवा पाला गोळीचा असर मारतो, म्हणाले. झडपेवर गाठ, तिचा तुकडा मेंदूत.

ती भाजी मी वाढली. आग्रह करकरून मीच वाढली.

२३ डिसेंबर

हलवायचं नाही. इथले डॉक्टर म्हणतात, गोळी बंद; गाठ अडकली तिथे मेंदूत रक्त उतरलं असेल तर गोळीनं माणूस जाईल. मुंबईच्या डॉक्टरांची तार — गोळी थांबवू नका, नाहीतर दुसरी गाठ —

ट्रंक कॉल लागत नाही.

संध्याकाळ झाली. गोळी तळहातावर. या अल्ला, कुणाचं ऐकू?

त्यांनी तोंड उघडलंय. किती भरवशानं बघतायत. मी —