गुरूचं बटण

प्रिय धाकटे,

फोनवर तू ताडताड बोललीस आणि मी मधेच ठेवून दिला. रागाने नाही. तोंड उघडलं असतं तर रडले असते, आणि तुझ्यापुढे रडायची मला सवय नाही. अक्षर वेडंवाकडं आहे, लागेल तसं लावून वाच.

सुट्टीच्या दिवशी तू घेतेस त्या अंध मुलांच्या वर्गासाठी मागितलेले नवे कापडी ग्रह अजून शिवून का होत नाहीत, हेच ना तुझं? बाई गं, तुझं काम म्हणजे नुसती कटकट! गिऱ्हाइकाला निदान माप तरी असतं. तुझे ते लांबच्या ताऱ्यांभोवतीचे ग्रह तुला स्वतःला दिसत नाहीत. कुठल्याशा ताऱ्याचा उजेड जरा मंदावला, की तू म्हणणार, समोरून ग्रह गेला. मग तो खरखरीत शिवायचा की गुळगुळीत, यावर आपली जुंपणार. तरी आधीचे शिवलेच की नाही? गुरूवरचं मोठं वादळ म्हणून मी कोटाचं बटण लावलं, तर तुझ्या पोरांनी ते उघडायला म्हणून ओढलं आणि आतला कापूस पार उपसला. तू डोक्याला हात लावलास. मी मात्र आठवडाभर हसत होते.

मागच्या खेपेला शनीची कडी एका बाजूला घसरली होती. तू विचारलंस, तर मी म्हटलं, शनी कललेलाच असतो, तूच सांगितलंस. एवढी शास्त्रज्ञ तू, आणि पटलं तुला! अगं, ती बाजू मला दिसलीच नव्हती. इस्त्रीच्या टेबलाला रोज कंबर आपटते. तुझे भावजी म्हणतात, लक्ष कुठे असतं हिचं. परवा मशीनची सुई बोटात घुसली, तेव्हा गुपचूप डॉक्टरकडे गेले.

काचबिंदू आहे. कडेची नजर गेली ती गेली. उरलेली थेंब घालून सांभाळायची, ती किती टिकेल ते डॉक्टरलाही सांगता येत नाही. घरात अजून बोलले नाही. तुला पहिलं सांगतेय.

शिवणकाम दुसऱ्या कुणाला दे. मला मात्र सुट्टीच्या दिवशी तुझ्या वर्गात बसव, त्या पोरांच्या रांगेत. हातांनी बघतात कसं, ते दिसतंय तोवर शिकून घेते. पोरांना सांग, मावशी नवीन आहे, चुकली तर खुशाल हसा. तू मात्र कोपऱ्यात उभी राहून डोळे पुसू नकोस, मला अजून दिसतं. आणि पहिला गुरूच दे हातात. बटणासकट.

तुझीच,
तुझ्यावर अजून पुष्कळ ओरडायची राहिलेली ताई