जात्याची वरची तळी

काष्टी, वैशाखातला मंगळवार, १९४४. संध्याकाळ.

लोखंडी वजनं उन्हात हात भाजतात, म्हणून अंगणातल्या कसरतीला जात्याची वरची तळीच बरी, हा शोध माझाच. सकाळी ती हातातून निसटली आणि दुभंगली. आवाजानं शेजारच्या जुलेखाभाभी धावत आल्या. मी तोंड उघडायच्या आत बायको म्हणाली, "माझ्याच हातून पडली."

भाभी हसल्या. "लई ताकद हाय गं तुझ्यात!"

मी घाम पुसत गप्प उभा. का गप्प? उलट सुटल्यासारखं वाटलं, शी!

आत्ता ती भाभींच्या जात्यावर दळून आली. केसांना पीठ. मला एका शब्दानं बोलली नाही. तळीचे तुकडे अजून अंगणातच आहेत. भूक मात्र गप्प बसेना. मी तिसरी भाकरी मागून घेतली.