नाव घेतल्याशिवाय फीत सोडू नये

७ एप्रिल

आज रुजू झाले. गांधीबागेच्या कापडबाजारामागे आमच्या आरोग्य सज्जता केंद्राची इमारत आहे. खाली गाठोडी वाहणाऱ्यांची वर्दळ, वर कूलरमधल्या ओल्या वाळ्याचा गंध. भिवापूरहून निघताना आईने तिखटाचा डबा आणि ही वही दिली. मनातले बोलत नाहीस, निदान लिहीत जा, म्हणाली.

काम मला फार आवडले. उष्णतेची लाट येण्यापूर्वीच पाणपोई कुठे हवी, बर्फ आणि सलाईन कुठे असावे, एकट्या वृद्धांच्या दारावर कोणी थाप द्यावी, हे सारे आम्ही ठरवून ठेवायचे. प्रमुख डॉ. रविंद्र अभिमानाने म्हणाले की केंद्राकडे असलेल्या वस्त्यांत आणि गावांत उष्माघाताने आजवर एकही माणूस दगावलेला नाही. त्या गावांत भिवापूरही आहे हे ऐकून मला उगीचच मोठे झाल्यासारखे वाटले.

शेजारच्या खुर्चीवर रोशनी बसते. ती माझ्या थोडी आधी लागली. कामठीहून शेअर ऑटोने येते आणि आल्याबरोबर सर्वांची थट्टा आरंभते. मी माझे नाव सांगितले, तर म्हणाली, "काहून वं नंदिनी, एवढी हळू बोलून राहिली? तुह्या आवाजानं तर झोपलेली मांजरही नाही उठणार." शाळेत पहिली येऊनही मी वर्गात कधी हात वर केला नाही, हे तिला कसे उमगले असेल?

१६ एप्रिल

परवा उष्माघाताची रंगीत तालीम. बंद पडलेल्या एका शाळेच्या पत्र्याच्या सभागृहात वस्तीतली माणसे रुग्ण होऊन निजतात आणि डॉक्टर त्यांच्या मनगटांना फिती बांधतात: किरकोळ त्रासाला हिरवी, मधल्याला पिवळी, तातडीच्याला लाल, मृताला काळी. काळी फीत वस्तीतले कोणी बांधून घेत नाही; अपशकुन मानतात. म्हणून ती केंद्रातल्या सर्वांत नव्या माणसाने बांधून घ्यायची, अशी इथली पद्धत आहे. मला या वेळी केवळ पाहण्याची सवलत मिळाली, त्यामुळे मान रोशनीचा.

सामान सांभाळणारे शालिकरामजी एक नियम पुन्हा पुन्हा बजावत होते. काळ्या फितीवाल्याला नाव घेऊन, त्याच्या कानी पडेल अशी हाक मारावी, 'ऊठ' म्हणावे, मगच फीत सोडावी. मी कारण विचारले. जुनी रीत हाये पोरी, एवढेच म्हणाले आणि सतरंज्या झटकू लागले.

१८ एप्रिल

तालीम शिस्तीत झाली. हिरवे उठले, पिवळे उठले, लाल उठले. रोशनीची पाळी आली तेव्हा डॉक्टरांनी खिशातून फोन काढून कानाला लावला, घाईने तालीम संपल्याची शिट्टी वाजवली आणि बोलत बोलत बाहेर गेले. रोशनी आपणच उठून बसली. मेल्यावर लई भूक लागते बाप्पा, म्हणून सर्वांना हसवले. फीत मनगटावर तशीच राहिली.

शालिकरामजी हसले नाहीत. त्यांचे सतरंजी गुंडाळणारे हात मध्येच थांबले होते.

एक गोष्ट मला खुपते आहे. मी डॉक्टरांच्या अगदी शेजारी उभी होते. तो फोन वाजला नव्हता. त्याचा पडदा काळा होता.

२३ एप्रिल

रोशनी थट्टा करत नाही. कूलरपासून दूर, खिडकीच्या उन्हात बसते. पन्ह्याचा पेला तसाच परत जातो. एवढ्या तलखीत तिच्या कपाळावर घामाचा थेंब नाही. आज तिचा हात धरला, तर वाळल्या मिरचीसारखा खरखरीत आणि कढत लागला. घाम थांबतो, त्वचा कोरडी पडते, बोलणे विसंगत होते: ही लक्षणे मीच फलकावर लिहिली होती. तिला दवाखान्यात चल म्हटले. ती म्हणाली, अजून माझं नाव नाही घेतलं.

चहावाला हल्ली तिच्या टेबलावर पेला ठेवत नाही.

२ मे

रोशनीची खुर्ची उचलली गेली आहे. डॉक्टरांना विचारले. त्यांनी शांतपणे विचारले, कोण रोशनी? शालिकरामजींकडे पाहिले, तर ते खाली पाहू लागले.

ती मला दिसली. दुपारी, कामठीच्या ऑटोंपाशी, भर उन्हात उभी. ऑटो भरत होते आणि जात होते. कामठी, कामठी म्हणून ओरडणाऱ्यांपैकी एकानेही तिला विचारले नाही. मी रस्त्याच्या अलीकडून हाक मारली. मला वाटले मी ओरडले. शेजारच्या रसवंतीवाल्यालाही ऐकू गेले नाही. मध्ये बस आली. नंतर ती तिथे नव्हती.

११ मे

वर्तमानपत्रात इतर ठिकाणचे उष्माघाताचे बळी. आमच्याकडे कोणी नाही. अजूनही कोणी नाही. सज्जतेमुळे, असे मी स्वतःला सांगते. बर्फामुळे. पाणपोयांमुळे.

पुढची तालीम ठरली. सर्वांत नवी मीच, आणि या वेळी सवलत नाही. मी नकार दिला. आयुष्यात पहिल्यांदा कोणाला नकार दिला. डॉक्टर रागावले नाहीत. तालीम पुढे ढकलू, म्हणाले. मग सहज विचारल्यासारखे विचारले, तुमच्या आई मिरच्यांचे देठ खुडायला शेडमध्येच बसतात ना?

हे त्यांना कोणी सांगितले? मी तर नाही.

२० मे

भिवापूरहून फोन. आई शेडमध्ये कोसळली. तिच्या शेजारची बाईही. दोघी जिवंत आहेत. सलाईन लावली आहे. आईला घाम येत नाही.

डॉक्टरांकडे गेले. तालीम घ्या म्हटले. फक्त शेवटी माझे नाव घ्या. ते म्हणाले, अवश्य. मग खिडकीबाहेर पाहत म्हणाले की आपत्ती काहीतरी नेतेच. आधी दिले तर थोडक्यात भागते.

२५ मे

आज नवतपा लागला, वर्षातले सर्वांत तापलेले नऊ दिवस. सभागृहात आहे. अंगावर पांढरी चादर, तिच्याखाली ही वही. काळी फीत घट्ट आहे. काल आईचा ताप उतरला — तालीम नक्की झाली, त्याच संध्याकाळी.

हिरवे उठले.

पत्रा तापला आहे, तरी मला उकडत नाही. तळहात कोरडे —

पिवळे उठले. चादरीच्या कडेखालून शालिकरामजींचे पाय दिसतात. मी चादर हलवली. पाय वळले. दूर गेले.

लाल उठले. आता मी. अवश्य म्हणाले होते. अवश्य —

चादरीची कड वर केली. डॉक्टरांचा हात खिशाकडे जातो आहे. फोन वाजलेला नाही. मी ऐकते आहे, वाजलेला नाही —

मृताने बोलू नये असा नियम आहे. आई, मी नियम मोडते. शिट्टीच्या आधी — सगळ्यांना ऐकू जाईल असे — मी नंदि