देवनळाचा भोंगा

प्रिय दादासो,

कडेगावच्या उसात तुझा जीव रमतो का रे? तुला लेकाकडे जाऊन चार महिने झाले. खुब्याचं हाड जुळलं, काठी घेऊन दारापर्यंत येतोस, हे कळलं. आणखीही एक कळलं. दुधाची गाडी आणणारा सिद्धू तुला भेटून आला, त्याला तू म्हणालास, "चांद्यानं भोंगा ऐकला, तरी आला न्हाई. दुपारपातूर अंगणात पडून हुतो गड्या." तेव्हापासून मला घास गोड लागत नाही.

आधी इकडची खबर देतो. देवनळ फुललाय. भाद्रपदातली फुलं बघून पर्यटकांच्या गाड्या खाली गेल्या, कातळाचा सडा रिकामा झाला, की मग हा एकटा उठतो. यंदा तुझ्या उतारावर माझ्या डोक्याहून उंच गेलाय आणि शेंड्यापर्यंत पांढरा आहे. पानं तंबाखूसारखी, शेळीसुद्धा तोंड लावत नाही. कातळावर वीतभर माती, वारा आणि धुकं, एवढ्यावर त्याचं भागतं. आमच्या मेहरुनने एकदा हौसेने मुळासकट आणून दारात लावला, रोज पाणी घातलं, तर आठ दिवसांत मेला. तेव्हा तुझी चंद्राबाई म्हणाली होती, "आवं भाबी, त्येला लाड सोसत न्हाईत." उतारावरचा मात्र वरून वाळला तरी बुंध्यातून परत फुटतो.

फाल्गुनात तो वाळला की आपण दोघं नाकाला ओलं फडकं बांधून दांडे तोडायचो, तरी दिवसभर शिंकत बसायचो. हातभर पोकळ दांडा कापला की झाला भोंगा, एक तुझा, एक माझा. मेहरुन आणि चंद्राबाई वर्षभराच्या अंतराने गेल्या, आपण दोघं एकटे उरलो आणि हे ठरलं. मोबाइलला रेंज नाही, आपल्या दोन घरांमधला ओढा उतरून चढायला पाऊण तास. म्हणून फजरची नमाज होऊन उजाडलं की मी अंगणात यायचो, तू तुझ्या अंगणात. एक लांब फुंकर म्हणजे जिवंत आहे. तीन म्हणजे लगेच ये. सहा वर्षं ही हजेरी एक दिवस चुकली नाही. फौजेतसुद्धा मी इतका शिस्तीत नव्हतो.

मग श्रावणात आपलं भांडण झालं. पर्यटकांना तंबू भाड्याने देणारे ते तंबूवाले तुझा उतार सपाट करायला मागतात, हे मला गाडीतळावरच्या जाहिरातीवरून समजलं होतं, आणि तू हो म्हणालास असंच मी धरून चाललो. दुसऱ्याच दिवशी तू ओढा चढून माझ्याकडे आलास आणि मी तुला बसूही दिलं नाही. तू मान हलवत काहीतरी सांगत होतास, मी आपला तोफ डागावी तसा सुटलो होतो. शेवटी म्हणालो की परत तुझ्या अंगणात पाय टाकणार नाही. तिसऱ्या दिवशी तू शेवाळावरून घसरलास. आता तुझ्या जागी मी असतो तरी तेच समजलो असतो. वचनाला जागला म्हणायचं.

परवा तुझ्या इथल्या बंद घराकडे जाऊन आलो. अंगण झाडलं, उंबऱ्यावर बसलो. तिथून माझं घर केवढंसं दिसतं रे, अंगणात माणूस उभा नसला तर तिथे कोणी राहतं हे कळायचंसुद्धा नाही. इतकी वर्षं तू रोज हे बघत होतास. मी अजूनही सकाळी भोंगा फुंकतो, पण कोणासाठी, ते मला सांगता येत नाही. फार एकटं वाटतं, दादासो. उतारावर यंत्राची एक खूणसुद्धा नाही म्हणून सिद्धूला विचारलं. तंबूवाल्यांना तू तेव्हाच हाकलून दिलं होतंस म्हणे. त्या दिवशी तू तेच सांगायला आला होतास ना?

आता मुद्द्याचं लिहितो. मला ऐकू येत नाही. तोफखान्यातली नोकरी, एक कान तेव्हाच गेला होता, दुसरा गेल्या वर्षी गेला. हे एकट्या सिद्धूने ओळखलं, त्यानेच तुझं बोलणं मला पुठ्ठ्यावर लिहून दाखवलं. वर्षभर मी तुझा भोंगा ऐकत नव्हतो, बघत होतो. तू तो तोंडाला लावलास की मी माझा फुंकायचो, आणि धुकं असलं की अंदाजाने. मी होऊन कोणाला सांगितलं नाही, कारण आयेशाने मला उचलून सांगलीला तिसऱ्या मजल्यावर नेलं असतं, आणि तूही म्हणाला असतास, जा लेकीकडे. त्या सकाळी दाट धुकं होतं. माझा राग कधीच निवला होता. मी नेहमीसारखी एक लांब फुंकर मारली आणि आत गेलो. तू तीन-तीन फुंकत होतास तेव्हा मी चुलीपुढे चहा पीत होतो. माझ्या लपवण्याची किंमत तू दुपारपर्यंत अंगणात पडून मोजलीस. आता आयेशाला सगळं कळवलंय, ती रविवारी न्यायला येते. वाटेत कडेगावला गाडी थांबवायला सांगितली आहे. तुला माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस, तसंही मला ऐकू येणार नाही. पण शिव्या दे. नातवाच्या पाटीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेव, मला त्यातली एकही चुकवायची नाही.

तुझाच,
ओढ्याअलीकडचा चांद्या