वर पिवळा, खाली निळा

बाबा, स्वयंपाकघर सध्या अंगणात आहे. डबे, पातेली, पोळपाट, सगळं खाटेवर मांडलंय आणि तुम्ही केलेल्या कपाटांचे पल्ले बिजागऱ्यांतून काढून भिंतीला टेकवलेत. तुमचा नातू एकेक पल्ला मांडीवर घेऊन पॉलिश पेपरनं घासतोय. सकाळपासून घासतोय. ती धूळ तुळशीवर बसली, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसली, आई शिंकून शिंकून बेजार झाली, पण हा मान वर करत नाही. मी ओसरीवर बसून तुम्हाला लिहितेय, कारण मला कोणाशी तरी कडाडून भांडायचंय आणि मनासारखं भांडता येईल असं माणूस तुमच्याशिवाय कोणी नाही. तुम्ही गेलात तेव्हा हा दुपट्यात होता, आणि तेव्हापासून आम्ही आईपाशी इथेच आहोत. आता दाढी राखतो.

लहानपणापासून त्याला रेल्वेचं इंजिन चालवायचं होतं. आपल्या पांढरकवड्यात ट्रक मोजावे तेवढे कमी, पण ह्याचं सगळं लक्ष आगगाडीच्या इंजिनात. बाकीची पोरं बाजारात फिरायची तेव्हा हा घरात गणितं सोडवत बसायचा. लेखी परीक्षा पास झाला तेव्हा मी गल्लीत पेढे वाटले, नको म्हणत होता तरी वाटले. मग नागपूरला मेडिकल. तिथे म्हणे रंगीत ठिपक्यांचं एक पुस्तक असतं, त्या ठिपक्यांत लपलेला आकडा वाचायचा. ह्याला आकडाच दिसेना. संध्याकाळच्या बसनं परत आला, चपला काढल्या आणि म्हणाला, "नजर चांगली हाये म्हणते, पण लाल-हिरवं कळत नाही मले. इंजिनावर नाही घेत." एवढं बोलून जेवायला बसला. त्या दिवसापासून मित्रांचे फोन उचलत नाही, बाहेर जात नाही, रागावतसुद्धा नाही. रागावला असता तर मला परवडलं असतं. शेवटी रिकामं बसून डोकं फिरेल ह्याचं, म्हणून मी हे रंगाचं काम काढलं. ज्याला रंग कळत नाही म्हणून घरी पाठवलं, त्याच्याच हातात मी ब्रश दिला. आई म्हणाली, "अक्कल गहाण ठेवली का वो तुनं?" ठेवली असेल. माझं काही ठिकाणावर नाही सध्या.

आता तुमच्याकडे येते. तो मेडिकलहून आल्यावर चार-पाच दिवसांनी आई आणि मी तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. आई मान खाली घालूनच म्हणाली, "तुह्या बाबालेबी असंच होतं." तुम्हाला पायाला भेगा होत्या हे सांगावं, तसं सांगितलं तिनं. मी म्हटलं काय होतं? "हेच. लाल-हिरव्याचं. बापाचं लेकीतून नातवात येते म्हणते हे. पण तू त्याले सांगू नोको. मनाले लावून घेईन पोट्टा." माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी माझ्या अंगणवाडीत पोरांच्या तपासणीला डॉक्टरीणबाई आल्या होत्या, त्यांना बाजूला घेऊन विचारलं. हो म्हणाल्या, असंच येतं, आईला स्वतःला काही होत नाही, ती फक्त मधली. मधली, बाबा. तुमची वस्तू मी त्याच्या हातात नेऊन दिली आणि मला पत्तासुद्धा नाही.

आणि मग मला आपलं स्वयंपाकघर आठवलं. मामाच्या लग्नाला आई आणि मी घाटंजीला गेलो होतो. तेवढ्यात तुम्ही ही कपाटं करून, रंगवून मोकळे झालात. तुम्ही ट्रक रंगवायचात त्या हायवेवरच्या कारखान्यात जुन्या ट्रकच्या बॉडीच्या निघालेल्या फळ्या आणि ट्रक रंगवून उरलेला रंग, बिनचिठ्ठीच्या डब्यांतला. कारखान्यात मिस्त्री रंग ओतून तुमच्या पुढ्यात ठेवायचा, घरी मिस्त्री नव्हता. आम्ही आलो. आई हातातली पिशवी खाली न ठेवता दारात उभी. तुमचे कोपरापर्यंत हात रंगाचे, तारपीनचा वास, आणि चेहरा असा की आता शाबासकी मिळणार. वरची कपाटं हिरवी, खालची कथ्थई, आणि एक पल्ला तर निम्मा हिरवा आणि निम्मा कथ्थई, जिथे एक डबा संपला आणि दुसरा उघडला तिथपर्यंत. तुम्ही विचारलंत, "जमला का?" आईनं त्या पल्ल्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "जमला. लय मस्त जमला." मी तोंड उघडलं, "बाबा, हे अर्धं..." तर तिनं असा चिमटा काढला की मी कळवळले. "मोठ्यायच्या कामात तोंड घालू नोको." शेजारणी पाहायला आल्या तेव्हा डिझाइन हाये म्हणून सांगितलं तिनं, आणि पुढच्या दिवाळीला समोरच्या घरानं हौसेनं दोन रंगांची कपाटं करून घेतली. मी लग्नानंतर सासरीसुद्धा हे हसत सांगायचे, आमचे बाबा काळाच्या पुढे होते म्हणून.

आता ते हसू येत नाही. आता एकेक आठवतं आणि डोकं तापतं. शाळेला लाल रिबिनी लागायच्या आणि तुम्ही आणलेल्या रिबिनी आई गुपचूप बदलून आणायची. बाजारात तुम्ही टमाटा दाबून घ्यायचात, आंबा हुंगून घ्यायचात, आणि मी समजायचे केवढी ही पारख. ह्या पोरानं पहिलीत झाडाला कथ्थई पानं काढली तेव्हा मी त्याच्या पाठीत धपाटा घातला, पानं हिरवी असतात रे बावळटा. कोलामांच्या वस्तीत, पोडावरच्या अंगणवाडीत मी इतकी वर्षं पोरांना लाल दाखवा, हिरवं दाखवा करतेय, आणि घरातलं मला कळलं नाही, कारण कुठं पाहायचं हेच कोणी सांगितलं नव्हतं. तुम्ही एक वाक्य बोलला असतात, पोरी, मला असं आहे, तर मी ह्याला दुसरीकडे वळवला असता. मास्तर हो म्हटलं असतं, शेतीचं शिक म्हटलं असतं. तरण्या पोराची वर्षं गेली, बाबा. तुम्हाला लाज वाटली असेल, पोट जाईल अशी भीती वाटली असेल, रंगाच्याच कामावर पोट होतं, कळतं मला. पण मी तुमची मुलगी होते, कारखान्याचा मालक नव्हते.

रंग निवडायचा म्हणजे आणखी एक फजिती. तुमचे जावई म्हणाले, "पांढरा लाव अन् मोकळी हो." आईला कथ्थईच हवा, मळ दिसत नाही म्हणून. आणि ज्याच्यासाठी हे सगळं काढलं तो म्हणतो, "तुले पाह्यजे तो घे." तरी मी त्याला ओढत दुकानात नेलं. दुकानदारानं शेडकार्ड उघडून ह्याच्यापुढे धरलं, "बोला भाऊ, तुमाले कोणता पाह्यजे?" ह्यानं न पाहताच एका चौकोनावर अंगठा ठेवला आणि म्हणाला, "हा बरा हाये." अंगठ्याखाली राखाडी होता. मी घाईघाईनं कार्ड ओढून घेतलं आणि खालच्या कपाटांना मेहंदी, वरच्यांना क्रीम घेऊन टाकला. एक गडद, एक फिका, म्हणजे ह्याची चूक व्हायचीच नाही. घरी येऊन डब्यांवर पेननं 'वरचा' आणि 'खालचा' लिहिलं आणि लगेच पदरानं पुसून काढलं, कारण ते वाचून त्याला कळलं असतं की मी त्याला सांभाळून घेतेय. असं चाललंय. पाणी प्यायला उठते आणि का उठले ते विसरते.

एवढं लिहून कागद घडी करून ठेवला होता. मधे बरंच झालं, ते सांगते.

प्रायमर वाळला. तो डब्यांपाशी उकिडवा बसला आणि म्हणाला, "वरच्याले कोणता?" मी म्हटलं, "तो, तुह्या उजव्या हाताचा." त्यानं ब्रश खाली ठेवला. "आई, तू चार-पाच दिवस झाले, एकाबी रंगाचं नाव घेतलं नाही." मी म्हटलं, काहीतरीच काय. "टमाटा दे म्हणतं, लाल पाहून दे म्हणत नाही. माह्या शर्टाले तो रेघांचा म्हणतं. आजीनं सांगितलं ना तुले, आजोबाचं?" मी डब्याचं झाकण घट्ट करू लागले. मग म्हणाला, "मले पहिलेच माहीत हाये. डॉक्टरनंच इचारलं होतं, आईच्या वडिलांले होतं का म्हणून. मी घरी येऊन आजीले इचारलं. तिनं हो म्हटलं, अन् म्हणे तुह्या मायले सांगू नोको, जिवाले लावून घेईन." तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की तुरीच्या शेंगा सोलता सोलता आईला ते लेकीतून नातवातलं शहाणपण कुठून सुचलं. आम्ही दोघांनी एकदमच वळून आईकडे पाहिलं. ती नाकाला पदर लावून खाटेवर, तिखटामिठाच्या डब्यांच्या मधे बसलेली.

मी तिच्यावर ओरडले. इतकी ओरडले की शेजारीण भिंतीवरून डोकावली. मी म्हटलं, इकडे मी त्याच्यापासून लपवून राह्यली, तो माह्यापासून, अन् तू दोघायलेबी चूप बसवून मजा पाहतं? आई म्हणाली, "मजा कायची? तू त्याच्यासाठी झुरे, तो तुह्यासाठी. मी का करू मंग?" मी विचारलं, बाबाले तरी सांगितलं होतं का कधी, त्या कपाटाचं? "नाही. त्यायनंबी मले नाही सांगितलं." तिनं मिठाचा डबा उगाचच उघडून पुन्हा लावला. "कधीमधी वाटे, इचारावं यायले. मंग वाटे, कायले. असाच झाला संसार. वाईट नाही झाला." तिच्याशी पुढे काय भांडणार. मला तिचा रागही येत होता आणि दयाही.

मग मी शेडकार्ड घेऊन पोराजवळ जमिनीवर बसले आणि विचारलं, "तुले हे कसं दिसते रे?" ह्या घरात हा प्रश्न आजवर कोणी कोणाला विचारला नव्हता. तो आधी हसला, टाळायला पाहत होता, मी कार्ड हलवेना. मग त्यानं बोट ठेवलं. "इथून इथलोर सगळं एकच. मातकट." ती पूर्ण पट्टी होती बाबा, हिरवा, तांबूस, कथ्थई, आणि माझा मेहंदीसुद्धा. "हा गुलाबी म्हणता ना तुम्ही? मले राखेसारखा." मी एकेक पान उलटत गेले आणि तो सांगत गेला, परका गाव दाखवावा तसा. मग एका पानावर थांबला, दोन बोटं दोन चौकोनांवर ठेवली. एक झगझगीत पिवळा, एक निळा. "हे दोन पाह्य. हे मले तुह्याएवढेच दिसते." मी म्हटलं, नक्की? म्हणाला, "नक्की. हे लावू का?"

दुसऱ्या दिवशी न उघडलेले डबे परत केले. दुकानदारानं तोंड वाकडं केलं, पण बदलून दिले. वर पिवळा, खाली निळा, दोन-दोन हात मारले त्यानं, आणि काम इतकं स्वच्छ की एक ओघळ दाखवा. आई म्हणते, "यष्टी स्टँडावरचं कँटीन झालं घराचं." तुमचे जावई म्हणाले, "मी पांढरा म्हटलं होतं," आणि त्याच पिवळ्यासमोर दोन पोळ्या जास्त जेवले. काल त्यानं स्वतःहून एका मित्राला फोन केला आणि काय झालं ते अंगणात फिरत मोठ्यानं सांगितलं, लपवून नाही. पुढे काय करणार ते त्याला अजून माहीत नाही. मलाही नाही. मधेच उठून अंगणाच्या फाटकापर्यंत जातो आणि परत येतो.

आज सकाळी मी पोळ्या लाटत होते आणि तो चहा घेत होता. मी ठरवलं होतं, आता ह्या घरात लय मस्त जमला म्हणायचं नाही. म्हणून सांगून टाकलं, "तो पिवळा मले आवडला नाही बरं का." तो म्हणाला, "माहीत हाये. तुह्यं तोंड बरोबर दिसते मले." मी हसले, आणि मग पोळी तव्यावर तशीच टाकून मागच्या मोरीवर जाऊन रडले. पोळी जळली.

हे कुठे पाठवायचं नाही, पाठवायला तुमचा पत्ता नाही. असता तरी पाठवलं नसतं. सुरुवातीला जे लिहिलंय ते पुन्हा वाचून पाहिलं, खोडावंसं वाटलं नाही. त्याला त्याच्या डोळ्यांची गोष्ट एका परक्या माणसानं ठिपके दाखवून सांगितली. ती आपल्या घरात, तुमच्यापासून सुरू होऊन माझ्या तोंडून त्याला कळायला हवी होती. म्हणून मी तुम्हाला अजून माफ केलेलं नाही, बाबा. पुष्कळसं केलंय. थोडं राहिलंय.