घरीच तर असतेस

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर हे बोलता येत नाही. मामंजी पलीकडच्याच खोलीत असतात आणि त्यांचे कान अजून तिखट आहेत. म्हणून पत्र.

कंपनीतली नोकरी सोडून घरीच लोकांचे हिशेब लिहायला लागले, हे तुला ठाऊक आहेच. मागच्या खोलीत खिडकीशी टेबल, त्यावर लॅपटॉप, प्रिंटर कपड्यांच्या कपाटावर. गिऱ्हाइकं तीनच: बेकरीवाले, पार्लरवाली आणि गॅरेजवाले. कामाचा वैताग नाही गं, घरच्यांचा आहे. ऑफिसातून ह्यांचा फोन, कपडे वाळले का बघ. शेजारीण तिची पार्सलं माझ्या गळ्यात मारते. सगळ्यांचं एकच, तू घरीच तर असतेस!

आणि मामंजी! जन्मभर तिकीटखिडकीत बसले. रांगेमुळे कुणाशी दोन शब्द बोलायला मिळाले नाहीत. ती सगळी कसर आता माझ्या गिऱ्हाइकांवर भरून काढतात. पार्लरवालीला बसवून धंदा कसा करावा ते इतकं समजावलं, की तिच्या पावत्या बघायच्या राहूनच गेल्या. ह्यांना सांगितलं तर म्हणतात, जाऊ दे, त्यांना तेवढंच बरं वाटतं.

तुझी माया आहेच, सोबत थोडी अक्कलही पाठव.

तुझी धाकटी


११ मार्च

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

अक्कल पाठवते, टपालखर्च तुझा. मी घरात शिवणाचं मशीन टाकलं, तेव्हा अख्खी गल्ली फुकटात पँटा आखूड करून घ्यायला यायची. शेवटी दारावर वेळा लावल्या आणि तोंड वाईट केलं. चार जणी रुसल्या, तर रुसल्या.

मामंजींशी तू स्वतः बोल. नवऱ्याच्या हाती निरोप धाडू नकोस. तो वाटेतच गोड होऊन पोचेल. आणि दार लावून काम कर.

राग आला तरी वेळेवर जेवत जा, हा हुकूम समज.

तुझी ताई


२ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

नाही बोलले. आज बोलू, उद्या बोलू करत राहिले आणि घात झाला.

बेकरीवाले एक भट्टी बंद करायच्या विचारात होते. कामगारांना सांगण्याआधी आकडे तपासायला त्यांनी मला फोन केला. मी नेहमीसारखी मोठ्याने बोलत होते, दार उघडंच. दुसऱ्या दिवशी गॅरेजवाले आले. मामंजींनी त्यांना बसवलं आणि हळहळत सगळं सांगून टाकलं. संध्याकाळपर्यंत बेकरीतल्या माणसांच्या कानावर गेलं आणि त्यांनी काम थांबवलं.

बेकरीवाले घरी आले. ओरडलेसुद्धा नाहीत. डॉक्टरला दाखवावं तसं तुम्हाला दाखवलं होतं, एवढंच म्हणाले. फायली उचलल्या आणि गेले.

मग माझा तोल गेला. मामंजींना म्हटलं, तुमची या घरात मला अडचण होते. त्यांच्याच घरात, ताई! तेव्हापासून ते खोलीबाहेर येत नाहीत, ताटही आतच मागवतात. हे म्हणतात, तुमचं दोघांचंही बरोबर आहे. अशा वेळी ह्यांचाच गळा धरावासा वाटतो.

जुन्या कंपनीने परत बोलावलंय. जावं म्हणते.

तुझ्या दोन शब्दांची वाट बघतेय, शिव्या असल्या तरी चालतील.

तुझी धाकटी


५ एप्रिल

चि. धाकटीस आशीर्वाद.

रागावले आहे, म्हणून थोडक्यात. कंपनीला इतक्यात कळवू नकोस. तिन्ही गिऱ्हाइकांना जाऊन भेट आणि काय झालं ते स्वतःच्या तोंडाने सांग. मामंजींचं मग बघ. नाही, मग नको. आधी तेच बघ.

चिडले तरी तुझीच,
ताई


२० एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मामंजींच्या दाराशी गेले. म्हटलं, अडचण हा शब्द मागे घेते, बाकीचा राग नाही. ते म्हणाले, बाकीचा घेऊही नकोस. मग हळूच विचारलं, गिऱ्हाईक आलं की मी कुठे बसू?

दुसऱ्या दिवशी ते काठी घेऊन एकटेच बेकरीत गेले. सगळ्या कामगारांसमोर त्यांनी मालकांची माफी मागितली. सुनेनं नाही, मी बोललो, असं सांगितलं. मालकांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. फायली दिल्या नाहीत. नंतर मीही जाऊन आले. ते काम गेलं ते गेलंच.

पार्लरवालीने तोंडावर विचारलं, म्हातारबुवा अजून ऐकतात का? खोटं कशाला बोलू? ऐकतात म्हटलं. त्यावर ती म्हणाली, मग तूच ये, कोपऱ्यात टेबल देते. गॅरेजवाल्यांनाही ते पटलं. आता लॅपटॉप पिशवीत टाकून मीच जाते. ओढाताण आहे, पण कंपनीला नाही म्हणून कळवलं.

आता मामंजी इस्त्रीचा शर्ट घालून बाहेरच्या खोलीत बसतात आणि मी निघाले की विचारतात, आजही कोणी येणार नाही का? या माणसाचं काय करू, सांग! काल वैतागून म्हटलं, चला गॅरेजपर्यंत. पण बाहेरच्या बाकावर बसायचं आणि बोलायचं ते फक्त हवापाण्याचं. निमूट आले म्हणशील? वाटभर बोलत होते. मला मध्ये एक शब्द घालता आला नाही.

माझ्यावर हवं तेवढं रागाव, लोभ तेवढा आटू देऊ नकोस.

तुझी धाकटी