फोन शाळेच्या कपाटात ठेव

जामखेड,
मंगळवार

प्रिय संस्कृती,

एकाच घरात राहून सासूनं सुनेला पत्र लिहावं, हे पाहून तुला आधी हसू येईल आणि मग भीती वाटेल. दोन्ही साहजिक आहे. हे मी तुझ्या डब्याच्या पिशवीत, भाकरीच्या फडक्याखाली ठेवणार आहे. शाळेत मधल्या सुट्टीत, फोन लांब ठेवून वाच. फोनला कागद वाचता येत नाही हे मला कळतं, पण त्याला काय काय येतं हे गेल्या तीन महिन्यांत बघून माझा कशावरच भरवसा राहिलेला नाही.

आधी बातमी सांगते. गेल्या गुरुवारी डोळे तपासायला म्हणून मी नगरला गेले होते, ते डोळे ठणठणीत आहेत. मी गेले होते तुझ्या गाडीसाठी नॅव्हिगेटर घ्यायला. तळहाताहून जरा मोठा, पुढच्या काचेला चिकटवायचा, रस्ता दाखवणारा डबा. तो आत्ता तुझ्या गाडीच्या डिकीत स्टेपनीखाली आहे, माझ्या जुन्या खाकी युनिफॉर्मात गुंडाळलेला. रविराज डिकी उघडून बघतो, पण स्टेपनी उचलायचा नाही. चाक बदलायचा कंटाळा त्यानं बापाकडून घेतला आहे.

आता म्हणशील, या बाईला एवढं धाडस कुठून आलं. अगं, जानेवारीत त्यानं माझ्याही फोनात ते लोकेशन घातलं. म्हणाला, आये, तुझं वय झालं, कुठं चक्कर येऊन पडलीस तर कळायला हवं. मला बरंच वाटलं. चार दिवसांनी मी पोस्टात रांगेत उभी, तर नगरहून याचा फोन. पोस्टात काय काम आहे, बरोबर कोण आहे, ती आहे का. छत्तीस जणांसमोर माझे कान लाल झाले. सव्वीस वर्षं कंडक्टरकी केली, भरल्या गाडीत दारुड्यांना कॉलर धरून खाली उतरवलं, पण त्या रांगेत मी पोटच्या पोराला खरं-खोटं पटवून देत होते. तुझं रोज काय होत असेल ते मला त्या दिवशी कळलं. इतक्या उशिरा कळलं याची लाज वाटते.

म्हणून गुरुवारी आधी डोळ्यांच्या दवाखान्यात गेले, नाव नोंदवलं, आणि तिथल्या बाईंना म्हटलं, माझा फोन जरा चार्जिंगला लावून ठेवता का, मी औषधं घेऊन येते. फोन दुपारभर दवाखान्यात बसून राहिला आणि मी डोक्यावरून पदर घेऊन बाजारात गेले. आयुष्यात कधी पदर घेतला नव्हता. त्याचं ऑफिस स्टँडसमोरच, दुसऱ्या मजल्यावर. खिडकीतून अख्खा चौक दिसतो. तो चौक मी मान खाली घालून ओलांडला. स्वतःच्या पोराच्या खिडकीखालून चोरासारखं जायचं, काय दिवस आले बघ.

दुकान सहादेव नावाच्या माणसाचं. सीटकव्हर, हॉर्न, असलं सगळं विकतो. मी त्याला ओळखलं आणि त्यानं मला. कॉलेजात असताना पास संपलेला दाखवला म्हणून मी त्याला चिचोंडी पाटीलला उतरवलं होतं. म्हटलं, झालं, आता हा उट्टं काढणार. पण त्यानं खुर्ची दिली. मी काय हवं ते सांगितलं तर हसला. “मावशी, मोबाईल हाय की. त्यात लई भारी दाखवतंय, आन फुकट.”

मी म्हटलं, “मला रस्ता दाखवनारं पायजे. मी कुठं हाय ते दुसऱ्याला सांगनारं नको.”

त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याचं हसू गेलं. पुढं एकही प्रश्न न विचारता तो आत जाऊन तीन खोकी घेऊन आला. त्यालाही बहीण असावी.

तुला वाटेल, सव्वीस वर्षं रस्ते तुडवलेली बाई रस्ता तोंडी सांगू शकत नाही का? नाही सांगू शकत. मला एसटीचा रस्ता येतो, आणि एसटी प्रत्येक गावाच्या स्टँडात शिरते. तुला असा रस्ता हवा, जो कुठल्याच स्टँडात शिरत नाही. तो माझ्या वेळी नव्हताच. तुलाही फोनशिवाय खर्ड्याची शाळा आणि माहेर सोडून तिसरी वाट माहीत नाही, हे मी जाणून आहे.

पहिला डबा दिसायला छान, पण फोनशी जोडल्याशिवाय चालेना. तो बाजूला. दुसऱ्याला मोठा पडदा, मागं बघायचा कॅमेरा, गाणी. मी सहादेवला म्हटलं, जामखेड ते संगमनेर काढ. रेघ आष्टी, कडा करत आली आणि सरळ नगरात शिरली, स्टँडच्या चौकातून, त्याच खिडकीखालून. सहादेव म्हणाला, नकाशा तीन वर्षांपूर्वीचा आहे, नवा घालायचा तर दरवेळी वेगळे पैसे. तोही बाजूला. तिसरा सगळ्यांत साधा. गाणी नाहीत, कॅमेरा नाही, सिमकार्ड नाही. पण नकाशे कायमचे फुकट नवे मिळतात. तारेनं कॉम्प्युटरला जोडायचा की झालं. त्यानं तिथंच जोडला. दीड तास लागला. मी दोन कप चहा प्यायले आणि दुकानाच्या दाराकडे बघत बसले. मग पुन्हा जामखेड ते संगमनेर. या वेळी रेघ शहराच्या अलीकडेच वळली, बाहेरून बाह्यवळणानं फिरली आणि विळदजवळ मनमाड रस्त्याला लागली. मी त्याला ती तीन वेळा काढायला लावली. तिन्ही वेळा बाहेरूनच गेली. वॉरंटीच्या कार्डावर नाव माझं घातलं आहे, तुझं कुठेच नाही.

संध्याकाळी घरी आले तर रविराजचा फोन. “आये, डोळ्याला लई वेळ लागला?” म्हटलं, गर्दी होती. त्याला पटलं. माझा फोन दवाखान्यात होता म्हणजे मी दवाखान्यात होते. त्याला तेवढंच दिसतं.

आता जे लिहायचं टाळत इथवर आले, ते लिहिते. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात तू फोनमधलं लोकेशन काढून टाकलं होतंस. त्यानं मला फोन केला, तिचा फोन दिसत नाही, काळजी वाटते, तू जरा चालू कर. कुठं दाबायचं ते त्यानं एकेक करून सांगितलं. तू न्हात होतीस. फोन उघडायचा आकडा तूच मला विश्वासानं सांगितला होतास, लग्नाचे फोटो बघायला. मी दाबलं. मला वाटलं, केवढा जपतो बायकोला. माझी गाडी घाटात बंद पडून पहाट झाली तरी तुझ्या सासऱ्यांनी, आबासाहेबांनी, कधी विचारलं नाही की कुठवर आलीस. म्हणून विचारणारा नवरा मला सोन्यासारखा वाटला. दुसऱ्या दिवशी तू आईशिवाय कुणालाच न सांगता पुणतांब्याला निघालीस, आणि पोचलीस तेव्हा तो तुझ्या आईच्या दारात खुर्ची टाकून चहा पीत होता. आईनंच कळवलं असं समजून तू तिच्याशी बोलणं टाकलंस. तीन महिने ती माउली माझ्या फोनवर रडते आणि मी तिची समजूत काढते. ती नव्हती गं. मी होते.

तर आता नीट ऐक. परवा गुरुवारी बारावीचा पेपर आहे. रविराजला आज रात्रीच सांग की तुला सुपरव्हिजन आहे आणि फोन दहा ते तीन कपाटात जमा करावा लागतो. फोन बंद करू नकोस. बंद केलास तर दहा मिनिटांत त्याला कळेल. खर्ड्याला जा, फोन चालू ठेवून कपाटात ठेव, रजेचा अर्ज दे आणि निघ. स्टेपनीखालच्या त्या डब्यावर ‘घर’ असं एक बटण आहे. सहादेवनं विचारलं, घराचा पत्ता कुठला घालू. मी जामखेडचा दिला नाही. संगमनेरची दीना, माझ्याबरोबर पंधरा वर्षं कंडक्टर होती, तिचा दिला. ती आणि तिचे मिस्टर शलमोन गुरुजी, दोघांना सगळं माहीत आहे. त्यांनी तिथल्या एका वकीलबाईंशी बोलणंही केलं आहे. रविराजनं दीनाला शेवटचं पाहिलं तेव्हा तो सहावीत होता. ते बटण दाब आणि ते सांगेल तिकडे वळ. पोचलीस की पहिला फोन तुझ्या आईला कर, दीनाच्या फोनवरून. गुरुवारी सकाळी तू निघताना मी दाराची कडी दोनदा वाजवीन. आमच्या एसटीत एक घंटा थांबायची आणि दोन निघायच्या. तू वळून बघू नकोस; बघितलंस तर माझा धीर सुटेल.

रस्ता सांगायला तो डबा पुरेसा होता. हे पत्र मी दुसऱ्याच कारणासाठी लिहिलं आहे. दिवाळीनंतरच्या रविवारी, दुपारी दीडच्या सुमारास, माझा मुलगा रविराज यानं तुझं उजवं मनगट दाराच्या फटीत धरून दार ओढलं. मी स्वयंपाकघरात होते, मला काही दिसलं नाही, असं तुला सांगितलं. डॉक्टरला सांगितलं, न्हाणीघरात घसरली. दोन्ही खोटं. मी उंबऱ्यात उभी होते. सगळं पाहिलं आणि आडवी गेले नाही. हे मी शुद्धीत, कुणाच्या दबावाशिवाय लिहीत आहे. हा कागद फाडू नकोस, वकीलबाईंच्या हातात दे. तो येईल, माझ्या पायाशी बसेल, रडेल, आणि मी त्याची आई आहे, संस्कृती. उद्या कोर्टात मी उभी राहिले आणि मला काही आठवत नाही म्हणाले, तर हाच कागद माझ्यापुढं धर आणि खालची सही मला मोठ्यानं वाचायला लाव.

तुझीच,
कडूबाई आबासाहेब मुरूमकर
निवृत्त वाहक